अमेरिकेतली मेट्रो, बस आणि 'एसएसआय'चा शिक्का

न्यू जर्सीत आल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी मला एका स्टेशनच्या कामावर सबकॉन्ट्रॅक्टरकडून घेतलं होतं, कॅमेऱ्यांच्या केबलिंगची ड्रॉइंग तपासायची, आणि पहिल्याच दिवशी जो गठ्ठा हातात पडला त्याच्या प्रत्येक पानावर वर ठळक अक्षरात 'सेन्सिटिव्ह सिक्युरिटी इन्फर्मेशन', म्हणजेच एसएसआय, असं छापलेलं आणि खाली बारीक अक्षरात लांबलचक वॉर्निंग, की यातला कुठलाही भाग 'नीड टू नो' नसलेल्या माणसाला दाखवायचा नाही, दाखवला तर दंड होऊ शकतो. कुणी बसवून समजावलं नाही. सुपरवायझर एवढंच म्हणाला की हे कुलपात ठेव आणि घरी नेऊ नको. मी घाबरलो होतो, खरंच सांगतो. व्हिसावर आलेला माणूस, नोकरी कॉन्ट्रॅक्टची, आणि हातात असे कागद.

त्या भीतीपोटीच मी तो नियम शोधून वाचला, मग त्याच्या मागचे कायदे, मग कोर्टाचे निकाल, असं करत करत बरंच वाचन झालं. माझ्या ओळखीतलीच कितीतरी मराठी मंडळी इकडे ट्रान्झिट एजन्सींच्या, म्हणजे मेट्रो-बस चालवणाऱ्या संस्थांच्या, सॉफ्टवेअर, सिग्नल, तिकीट मशीन, कॅमेरे अशा कामांवर आहेत, सगळ्यांनी तो शिक्का बघितलाय, पण तो आला कुठून आणि कुठे मारता येत नाही हे फार थोड्यांना माहीत असतं. म्हणून हे लिहायला घेतलं. मी वकील नाही, एखादी केस अंगावर आली तर वकीलच गाठा, पण कायद्याचा सांगाडा समजायला वकील लागत नाही.

आधी शब्दाचा एक घोळ सोडवतो. मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच 'सुरक्षा' म्हणतो. ब्रेक लागले नाहीत, सिग्नल चुकला, सरकता जिना मध्येच थांबला ही झाली सेफ्टी. कुणी मुद्दाम बॅग ठेवून गेलं, बोगद्यात विषारी गॅस सोडला, कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरमध्ये घुसलं ही झाली सिक्युरिटी. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ही दोन वेगळी घरं आहेत. सेफ्टी बघते परिवहन खात्याखालची एफटीए, म्हणजे फेडरल ट्रान्झिट अॅडमिनिस्ट्रेशन, आणि सिक्युरिटी बघते होमलँड सिक्युरिटी खात्याखालची टीएसए, तीच, जी २०२५ पर्यंत एअरपोर्टवर बूट काढायला लावायची. त्यात एफटीए कित्येक वर्षं फक्त पैसे देणारी संस्था होती, मेट्रो कशी चालवायची यावर नियम करायचा अधिकारच तिला नव्हता. मग २२ जून २००९ ला वॉशिंग्टनच्या रेड लाइनवर फोर्ट टॉटन स्टेशनजवळ एक गाडी पुढे उभ्या असलेल्या गाडीवर आदळली, कारण ट्रॅकवरच्या सर्किटला ती उभी गाडी 'दिसलीच' नाही, ९ माणसं गेली, आणि त्यानंतर २०१२ च्या मॅप-२१ या वाहतुकीच्या कायद्यात एफटीएला सेफ्टीचे खरे अधिकार मिळाले.

हा फरक मी इतका ताणून सांगतोय त्याला कारण आहे. सेफ्टीची माहिती शक्यतो उघड असते. त्या फोर्ट टॉटनच्या अपघाताचा सरकारी चौकशी अहवाल कुणीही घरबसल्या वाचू शकतो, कुठलं सर्किट, कुठला भाग, कुणाचं काय चुकलं, सगळं त्यात आहे. सिक्युरिटीची माहिती मात्र झाकता येते. त्यामुळे एखाद्या ऑफिसात कुणाला काही दडवायचंच असेल तर पहिला मोह होतो तो सेफ्टीच्या गोष्टीला सिक्युरिटी म्हणण्याचा. आपल्याकडे शब्दच एक असल्याने हा मोह आपल्याला चटकन लक्षातही येत नाही.

आता शिक्क्याचा उगम. तो रेल्वेतून आलेलाच नाही, विमानातून आलाय. सत्तरच्या दशकात विमानं पळवायचे प्रकार फार झाले, १९७४ मध्ये अमेरिकन संसदेनं विमान सुरक्षेचा कायदा केला आणि विमान खात्याला सांगितलं की सुरक्षेच्या संशोधनातली काही माहिती लोकांनी मागितली तरी नाही दिली तर चालेल. १९७६ ला त्याचा नियम झाला. मग ११ सप्टेंबर, मग नोव्हेंबर २००१ मध्ये टीएसएचा जन्म, आणि तो जुना नियम विमान खात्याकडून उचलून टीएसएच्या पुस्तकात गेला, तोच आजचा ४९ सीएफआर भाग १५२० (सीएफआर म्हणजे केंद्रीय नियमांचा संग्रह). २००२ च्या होमलँड सिक्युरिटी कायद्यानं विमानापुरतं असलेलं हे झाकण सगळ्याच वाहतुकीवर आलं. परिवहन खात्याचा स्वतःचा जुळा नियम आहे, भाग १५, म्हणून त्या वॉर्निंगमध्ये नेहमी '१५ आणि १५२०' असे दोन आकडे दिसतात. माझा पहिल्या दिवशी तिथंच गोंधळ झाला होता की हे दोन कसले आकडे.

पण रेल्वे आणि मेट्रोकडे खरं लक्ष गेलं ते बाहेरच्या देशांतल्या घटनांनी. ११ मार्च २००४, माद्रिदच्या लोकल गाड्या. त्यानंतर दोन महिन्यांत, २० मे २००४ ला, टीएसएनं प्रवासी रेल्वेसाठी पहिले सिक्युरिटी आदेश काढले. ७ जुलै २००५, लंडन, ५२ माणसं. आणि ११ जुलै २००६, ती तारीख आपल्याला कुणी सांगायची गरज नाही. वेस्टर्न लाइन, संध्याकाळची गर्दी, फर्स्ट क्लासचे डबे, प्रेशर कुकर, अकरा मिनिटांत सात स्फोट, माहीम, बांद्रा, मीरा रोड. त्या रात्री घरचे फोन लागत नव्हते आणि आमच्या बिल्डिंगमधला प्रत्येक जण खाली उभा राहून कुणी येतंय का बघत होता. म्हणून हे कायदे वाचताना मला ते कोरडे वाटत नाहीत. ३ ऑगस्ट २००७ ला अमेरिकेत जो मोठा कायदा झाला, ९/११ आयोगाच्या शिफारशी अमलात आणणारा, त्याचा चौदावा भाग खास मेट्रो-बससाठी आहे आणि त्याचं नाव नॅशनल ट्रान्झिट सिस्टिम्स सिक्युरिटी अॅक्ट.

त्या भागाच्या सुरुवातीलाच संसदेनं लिहून ठेवलंय की देशात ६,००० हून जास्त सार्वजनिक वाहतूक संस्था आहेत आणि लोक रोज ३ कोटी ३० लाख वेळा त्यांच्या गाड्यांत चढतात. आता विचार करा, विमानतळाला दार असतं, तिथं रांग लावता येते, बॅग मशीनमधून काढता येते. न्यूयॉर्कच्या सबवेला ४७२ स्टेशनं आहेत आणि एका स्टेशनला अनेक जिने, तिथं प्रत्येकाची बॅग तपासायची म्हटली तर शहरच थांबेल, दादर स्टेशनच्या पुलावर सकाळी नऊ वाजता प्रत्येकाला थांबवून बघा काय होतं ते. त्यामुळे मेट्रोची सिक्युरिटी उभी राहते ती प्लॅनवर, कॅमेऱ्यांवर, श्वानपथकावर, मोटरमनपासून झाडूवाल्यापर्यंत ट्रेनिंग दिलेल्या माणसांवर, आणि कधी कुठे तपासणी होईल हे आधी न कळण्यावर. भिंत नाही तिथं प्लॅन हीच भिंत असते. कुठला कॅमेरा कुठपर्यंत बघतो, बोगद्याचा पंखा बंद पडला तर काय करायचं ठरलंय, कुठला खांब कापला तर पूल बसेल, हे कागदावर लिहिलेलं असतं आणि तो कागद बाहेर गेला की भिंतीला भोक पडलं. झाकायची गरज खरी आहे, यात मला तरी शंका नाही.

२००७ च्या कायद्यानं काय काय सांगितलं? जास्त धोक्याच्या एजन्सींनी सिक्युरिटी प्लॅन करायचा, कुठे कच्चं आहे याची तपासणी करायची, त्यासाठी केंद्राकडून ग्रँट मिळेल, कर्मचाऱ्यांना ट्रेनिंग द्यायचं, आणि तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण. यातलं ट्रेनिंगचं वाचून मला राग आला होता. कायद्यात लिहिलंय की अंतिम नियम वर्षभरात करा. तो निघाला २३ मार्च २०२० ला. साडेबारा वर्षं! बॅग पहिल्यांदा दिसते ती ड्रायव्हरला, तिकीट खिडकीवरच्या बाईला, सफाई कामगाराला, आणि त्यांनाच शिकवायचा नियम एवढा रखडला.

तर आता एसएसआय म्हणजे नेमकं काय. पहिली गोष्ट, ही मिलिटरी गुपितं नव्हेत. अमेरिकेत खऱ्या गोपनीय कागदांच्या तीन पायऱ्या आहेत, कॉन्फिडेन्शियल, सीक्रेट, टॉप सीक्रेट, त्यासाठी वेगळी सरकारी छाननी होऊन क्लिअरन्स लागतो आणि फोडलं तर तुरुंगापर्यंत जाऊ शकतं. एसएसआय या पायऱ्यांच्या खाली, मधल्या जागेत बसतं. ते सगळ्यांना खुलं नाही, पण माझ्यासारख्या सबकॉन्ट्रॅक्टरच्या माणसाला क्लिअरन्सशिवाय हातात मिळू शकतं, कारण ते मिळाल्याशिवाय केबल कुठून न्यायची हेच कळणार नाही. अट एकच, तुमच्या कामाला ते लागलं पाहिजे. हेच ते 'नीड टू नो'. बाजूच्या टेबलावरचा त्याच कंपनीचा माणूस, तुमच्यापेक्षा सीनियर असला तरी, त्याचं ते काम नसेल तर त्याला दाखवायचं नाही.

नियमात १६ प्रकार दिलेत. सिक्युरिटी प्लॅन, टीएसएचे आदेश, धोक्याची खबर, कमकुवत जागांचे अहवाल, तपासणीत काय सापडलं, यंत्रं किती बारीक गोष्ट पकडतात त्याचे आकडे, ट्रेनिंगचं साहित्य, महत्त्वाच्या बांधकामांची यादी, तपासणी मशीनच्या स्क्रीनवर दिसणारं चित्र, असं. शेवटचा प्रकार 'इतर' असा आहे आणि तो टीएसएनं ठरवायचा. २००८ च्या नोव्हेंबरात रेल्वे सिक्युरिटीचा नियम आला तेव्हा या यादीत रेल्वे आणि मेट्रोचे शब्द नीट घातले गेले. आणि २००९ मध्ये एफटीएनं ट्रान्झिट एजन्सींसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका काढली, शिक्का कशावर मारायचा, कसा मारायचा, कागद कसा सांभाळायचा. तुमच्या ऑफिसात ती असेल तर मागून घ्या, नियमापेक्षा खूप सोपी आहे.

ज्याच्या हातात हे कागद आहेत त्यानं काय करायचं हे भाग १५२० मध्ये साध्या शब्दांत आहे. वापरात नसताना कुलपातल्या कपाटात किंवा बंद खोलीत ठेवायचं. शिक्का नसलेला एसएसआय कागद हातात आला तर शिक्का मारायचा आणि पाठवणाऱ्यालाही सांगायचं. कुणी बाहेरच्यानं मागितलं तर स्वतः 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं नाही, मागणी टीएसएकडे किंवा संबंधित खात्याकडे पाठवायची. चुकून बाहेर गेलं तर लगेच कळवायचं, दडवायचं नाही. आणि काम संपलं की असं नष्ट करायचं की तुकडे जोडून वाचता येणार नाही. मोडलं तर सिव्हिल दंड, आणि सरकारी नोकर असेल तर नोकरीवर कारवाई.

या सगळ्यात प्रवासी कुठे येतो? माझ्या आत्येबहिणीनं इकडे आल्यावर विचारलं होतं की स्टेशनचा फोटो काढला तर पकडतील का. जे प्लॅटफॉर्मवर उभं राहून कुणालाही दिसतं ते एसएसआय होत नाही, हा नियम आहे तो ज्यांच्यावर माहिती सोपवलीये त्यांच्यासाठी, एजन्सी, कंपन्या, त्यांचे नोकर आणि कॉन्ट्रॅक्टर. फोटोबद्दल प्रत्येक शहराच्या सिस्टिमचे आपले नियम असतात, ट्रायपॉड, फ्लॅश वगैरे, ते वेगळे. गाड्यांचं टाइमटेबल तर एजन्सी स्वतःच उघड फाइलमध्ये देतात, फोनवरच्या अॅपला गाडी कधी येणार हे त्यातूनच कळतं.

नागरिक म्हणून कागद मागायचा असेल तर अमेरिकेत माहितीचा कायदा आहे फोया, १९६६ चा. आपल्याकडच्या माहिती अधिकाराचा मोठा भाऊ म्हणा. (महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा २००२ चा, देशाचा २००५ चा, गोव्यानं तर १९९७ लाच केला होता.) फोयात एक अपवाद असा आहे की दुसऱ्या एखाद्या कायद्यानं माहिती द्यायला मनाई केली असेल तर ती द्यायची नाही, आणि एसएसआय त्यात बसतं. मात्र पूर्ण कागद नाकारायचा नाही, एसएसआय तेवढं काळं करून उरलेलं देता येतं. राज्याच्या किंवा शहराच्या रेकॉर्ड कायद्याखाली मागितलं तरी तेच, केंद्राचा नियम वर. इथं मला एक फरक फार जाणवतो. आपल्या माहिती अधिकारात कलम ८ (२) आहे, म्हणजे माहिती अपवादात बसत असली तरी ती देण्यात लोकांचं हित जास्त असेल तर अधिकारी देऊ शकतो. तो प्रत्यक्षात किती वापरतात हे सोडा, पण तराजू कायद्यात लिहिलेला आहे. एसएसआयच्या बाबतीत असा तराजू फोयात नाही. एकदा टीएसएनं एसएसआय ठरवलं की तुम्ही किती महत्त्वाच्या कारणानं मागताय याला वजन नाही, फार तर तो अंतिम आदेश ६० दिवसांत केंद्राच्या अपील कोर्टात नेता येतो. या एका बाबतीत आपला कायदा मला जास्त शहाणा वाटतो.

तराजू नाही पण कुंपण आहे, आणि हा या लेखातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. एसएसआयचा अधिकार ज्या कलमातून येतो, ४९ यूएससी ११४ (आर) (यूएससी म्हणजे केंद्रीय कायद्यांचा संग्रह), त्यात २००९ च्या ऑक्टोबरमध्ये संसदेनं स्पष्ट घातलं की हा शिक्का कशासाठी वापरता येणार नाही: कायदा मोडल्याचं, गलथानपणाचं किंवा ऑफिसच्या चुकीचं झाकायला नाही, एखाद्या माणसाची किंवा संस्थेची फजिती टाळायला नाही, धंद्यातली स्पर्धा अडवायला नाही, आणि वाहतुकीच्या सिक्युरिटीसाठी झाकायची गरजच नाही अशी माहिती देणं अडवायला किंवा लांबवायला नाही. हे उगाच नाही लिहिलं. २००५ मध्येच सरकारच्या हिशेब तपासणाऱ्या जीएओनं म्हटलं होतं की टीएसएकडे काय एसएसआय आणि काय नाही हे ठरवायची नीट धोरणं नाहीत, आणि नंतर २०१४ मध्ये संसदेच्या समितीच्या दोन्ही पक्षांच्या स्टाफनं मिळून अहवाल दिला की शिक्का विसंगतपणे वापरला गेलाय, टीएसएच्या स्वतःच्याच एसएसआय ऑफिसचा सल्ला बाजूला ठेवून.

शिक्का उशिरा मारण्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट रॉबर्ट मॅक्लीनची. विमानातली आहे, पण नियम तोच. मॅक्लीन साध्या वेशात विमानात बसणारा फेडरल एअर मार्शल होता. जुलै २००३ मध्ये मार्शल लोकांना सांगितलं गेलं की विमान अपहरणाचा कट आहे, आणि पुढच्या काही दिवसांत त्यांच्या साध्या मोबाइलवर मेसेज आला की लास वेगासहून जाणाऱ्या, रात्री हॉटेलात राहावं लागणाऱ्या ड्युट्या रद्द. त्याला वाटलं हे भयंकर आहे, त्यानं वरिष्ठाला सांगितलं, खात्याच्या तपास अधिकाऱ्याकडे गेला, काही झालं नाही, मग पत्रकाराला सांगितलं. बातमी आली, खासदार ओरडले, आदेश मागे घेतला. तो मेसेज आला तेव्हा त्यावर एसएसआयचा शिक्का नव्हता. २००६ मध्ये मॅक्लीनला काढून टाकलं, आणि तो मेसेज एसएसआय होता हे टीएसएनं अधिकृतपणे ठरवलं ते त्याला काढल्यानंतर काही महिन्यांनी, ऑगस्ट २००६ मध्ये. केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, २१ जानेवारी २०१५ ला ७ विरुद्ध २ असा निकाल त्याच्या बाजूनं लागला. मुद्दा बारीक पण सुंदर आहे. तक्रार करणाऱ्या सरकारी नोकराला संरक्षण देणारा कायदा म्हणतो की 'कायद्यानं' खास मनाई केलेली माहिती सोडून बाकी उघड केली तर संरक्षण. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलं की एसएसआयची मनाई टीएसएच्या नियमात आहे, नियम म्हणजे संसदेनं केलेला कायदा नव्हे, आणि मूळ कलम मनाई करत नाही, फक्त नियम करायचा अधिकार देतं.

पण हे वाचून कुणी उठून पेपरवाल्याला फोन लावू नका. तो निकाल केंद्र सरकारच्या नोकरांच्या कायद्याचा आहे. मेट्रो किंवा बस एजन्सीत, तिच्या कॉन्ट्रॅक्टरकडे काम करणाऱ्यांसाठी २००७ च्या कायद्याचंच कलम १४१३ आहे. त्यात संरक्षण मिळतं ते धोका किंवा कायदाभंग तुमच्या वरिष्ठाला, केंद्र-राज्य-स्थानिक नियामकाला किंवा पोलिसांना, किंवा संसदेच्या सदस्याला सांगितला तर. पत्रकार त्या यादीत नाही. सूड म्हणून काढलं, बदली केली, धमकावलं तर १८० दिवसांच्या आत कामगार खात्याच्या ओशा या विभागाकडे तक्रार टाकायची, आणि २१० दिवसांत अंतिम निर्णय आला नाही, आणि उशीर तुमच्या वाईट हेतूमुळे झालेला नसेल, तर थेट केंद्राच्या जिल्हा कोर्टात जाता येतं. नोकरी परत, बुडालेला पगार, आणि वर दंडात्मक भरपाई अडीच लाख डॉलरपर्यंत. १८० दिवस हा आकडा लिहून ठेवा. आपली माणसं 'बघू, शांत झालं की बोलू' करत बसतात आणि तेवढ्यात मुदत निघून जाते, मी हे जवळून बघितलंय.

झाकण्याची दुसरी बाजू म्हणजे नीट न झाकणं. २००९ च्या डिसेंबरात उघडकीला आलं की टीएसएचं एअरपोर्ट तपासणीचं पुस्तक सरकारी टेंडरच्या वेबसाइटवर टाकलेलं होतं, संवेदनशील ओळींवर काळे पट्टे मारून, पण पट्टे नुसते वरून ठेवलेले, खालचा मजकूर कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केला की सगळं वाचता येत होतं. जे आयटीतले आहेत त्यांना हात जोडून सांगतो, पीडीएफमध्ये काळा चौकोन काढणं म्हणजे खोडणं नाही.

आणि बॉस्टनची गोष्ट. ती एसएसआयची नाही, दुसऱ्या केंद्रीय कायद्याची आहे, पण शिकण्यासारखी आहे. २००८ मध्ये एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी तिथल्या एमबीटीए या मेट्रो-बस एजन्सीच्या चार्ली नावाच्या तिकिटांत आणि कार्डांत भोकं शोधली आणि लास वेगासच्या डेफकॉन या हॅकर मंडळींच्या परिषदेत ते सांगणार होते. एमबीटीए १९८६ च्या कॉम्प्युटर गुन्ह्यांच्या कायद्याचा आधार घेऊन कोर्टात गेली, भाषणाच्या आदल्या दिवशी, ९ ऑगस्टला, तात्पुरती मनाई मिळवली. पण स्लाइड्स आधीच परिषदेच्या सीडीवर वाटून झालेल्या, आणि विद्यार्थ्यांनी खासगीत दिलेला जास्त तपशिलाचा अहवाल एमबीटीएनंच कोर्टाच्या कागदांत जोडला, जे सगळ्यांना बघता येत होते. दहा दिवसांनी दुसऱ्या न्यायाधीशांनी मनाई वाढवायला नकार दिला, तो कायदा कॉम्प्युटरकडे घातक कोड पाठवण्याबद्दल आहे, श्रोत्यांपुढे बोलण्याबद्दल नाही असं त्यांचं मत पडलं. पंधरा वर्षांनी, २०२३ मध्ये, चार शाळकरी मुलांनी त्याच शहराच्या कार्डावर पुढचं काम केलं आणि डेफकॉनमध्ये सांगितलं. या वेळी एजन्सी कोर्टात गेली नाही, मुलांशी बोलली. मला यात खूप मोठी सुधारणा दिसते.

सायबरचं आता कायद्यातही आलंय. ३१ डिसेंबर २०२१ पासून लागू झालेल्या टीएसएच्या आदेशात मोठ्या मेट्रो आणि प्रवासी रेल्वे संस्थांना सायबरसाठी एक जबाबदार माणूस नेमायला, हल्ला झाला तर २४ तासांत सिसा या केंद्रीय संस्थेला कळवायला, ९० दिवसांत कच्च्या जागा तपासायला आणि १८० दिवसांत प्लॅन करायला सांगितलं. हा आदेश स्वतः उघड आहे, कुणीही वाचावा. एजन्सीनं त्याखाली जी तपासणी केली, कुठला सर्व्हर उघडा आहे वगैरे, ती झाकलेली. मला ही रेघ अगदी बरोबर जागी वाटते, कारण सरकारनं काय करायला सांगितलं हे लोकांना कळलं आणि भोक नेमकं कुठे आहे हे चोराला कळलं नाही.

परत माझ्या गठ्ठ्याकडे येतो. त्यात एक पान होतं, लोकेशन मॅप, म्हणजे स्टेशनच्या आजूबाजूचे रस्ते आणि प्रवेशद्वारं. तोच नकाशा प्लॅटफॉर्मच्या भिंतीवर काचेत लावलेला होता, मी रोज त्याच्या समोरून जायचो. कागदावर मात्र त्याच्यावरही शिक्का, कारण कुणीतरी सगळ्या फाइलला एकदम हेडर लावून टाकलेलं. त्याचा त्रास असा की बाहेरच्या रस्त्याचं काम करणाऱ्या म्युनिसिपालिटीच्या माणसानं ते पान मागितलं तर आम्ही देऊ शकत नव्हतो, आणि दोन आठवडे त्यांचा खड्डा कुठे खणायचा यावर नुसते ईमेल चालले होते. मी ११४ (आर) वाचल्यावर सुपरवायझरला विचारलं, थोडं चाचरतच, की हे पान झाकायचं कारण काय. त्यानं मला उत्तर दिलं नाही, प्रश्न वर पाठवला, जसं नियमात सांगितलंय तसं. तीन आठवड्यांनी ड्रॉइंगची नवी आवृत्ती आली. कॅमेऱ्यांच्या पानांवर शिक्का तसाच होता, आणि तो तसाच राहायला हवा होता. नकाशाच्या पानावरून तो गेला होता.